अमडापूरहून मालवणला: आठ जणांची सहल कशी आखावी

अमडापुरातून निघालेल्या सहलीची यात्रा व्हायला वेळ लागत नाही. ठरलेलं असतं मालवण. मग कुणी म्हणतं, कोल्हापूर वाटेतच आहे, अंबाबाईचं दर्शन घेऊन टाकू. अंबाबाई झाली तर जोतिबा कसा सोडायचा? नरसोबाची वाडी तिथून जवळच. गणपतीपुळे पाहिलं नाही असं सांगताना लाज वाटते, आणि पोट्ट्यांना गोवा पाहिजेच. यादी तयार होते, क्रुझर ठरते, सहा दिवसांत अर्धा महाराष्ट्र पालथा घातला जातो. समुद्राच्या वाट्याला येतो अर्धा तास, तोही मोबाईल वर धरून.

देवदर्शनाला माझी ना नाही. पण यात्रा वेगळी आणि किनाऱ्यावरची सुट्टी वेगळी, दोन्ही एका गाडीत बसवल्या की कुणाचंच समाधान होत नाही. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: एक गाव ठरवा, तिथे चार रात्री राहा आणि हललातच तर एकदा हला. बाकीचं सगळं या एका निर्णयातून निघतं.

गाव म्हणून मी मालवण आणि त्याला लागून असलेली तारकर्ली-देवबागची पट्टी धरली आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथे घरगुती मुक्कामाची चांगली सवय रुजली आहे. वऱ्हाडातल्या कुटुंबाला मोठ्या हॉटेलात अवघडायला होतं. घरमालकिणीला ‘काकू, उद्या भाकरी करता का?’ असं विचारता आलं पाहिजे. मालवणात ते विचारता येतं.

माणसं किती आणि कोणती

आठ ही संख्या मला सगळ्यात सोयीची वाटते, फार तर दहा. आठ म्हणजे चार खोल्या, दोन रिक्षा, जेवायला एक लांब टेबल. बाराच्या पुढे गेलात की कुणाची तरी वाट पाहण्यातच सकाळ जाते आणि खालच्या स्वरातल्या कुरबुरी सुरू होतात. आठांत दोन म्हातारी माणसं आणि दोन लेकरं असली तर फारच छान, कारण मग वेग आपोआप कमी होतो.

माणसं ठरवताना एक गोष्ट सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारून घ्या: मासे कोण खातं, कोण नाही, आणि कोण माळकरी आहे. शेगाव जवळ असल्यामुळे आपल्याकडे गळ्यात माळ असलेली माणसं प्रत्येक घरात सापडतात. मालवणात शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूंच्या दिवसांत काजूची उसळ आणि सोलकढी, एवढ्यावर चार दिवस मजेत जातात. मात्र ‘त्याच तव्यावर मासा तळला का?’ हा प्रश्न ताट पुढे आल्यावर विचारण्यात अर्थ नाही. खोली ठरवतानाच विचारा. भांडी वेगळी ठेवणारी घरं तिथे आहेत, आणि नसतील तर तेही लोक स्पष्ट सांगतात.

पैशाचा प्रश्न सोडवायला आपल्याकडे बिशी आहेच. सहलीची वेगळी बिशी लावा. दहा महिने, माणशी महिना १,२०० रुपये म्हणजे जाण्याच्या वेळी प्रत्येकाचे १२,००० जमलेले. या रकमेत काय बसतं ते असं पाहा. समजा खोलीला रात्रीचे २,००० पडले, तर चार खोल्यांचे चार रात्रींचे ३२,००० होतात, माणशी ४,०००. उरलेल्या आठ हजारांत रेल्वे, जेवण, एक दिवसाची गाडी, होडी आणि अडीअडचणीला माणशी हजार. खोलीचे दर मोसमाप्रमाणे खालीवर होतात, म्हणून हे आकडे तुमच्या चौकशीप्रमाणे बदलून घ्या. पद्धत तीच ठेवा. महत्त्वाचं एवढंच की ज्याने नाव दिलं त्याचा पहिल्या तीन महिन्यांचा हप्ता परत मिळणार नाही, हे सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. ऐनवेळी ‘आमचं नाही जमत’ म्हणणाऱ्या भावजींचा भार उरलेल्या सात जणांवर पडू नये. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. वही मोबाईलमध्ये असली तरी चालेल.

केव्हा जावं

शेतकरी घराचं कॅलेंडर आणि समुद्राचं कॅलेंडर जुळवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. सोयाबीन काढून हरभरा पेरून होईपर्यंत दिवाळी उलटते. दिवाळीच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र कोकणात असतो, तेव्हा जाऊ नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही नको, दर चढलेले असतात आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा हवेच्या दृष्टीने सोन्यासारखा: समुद्र शांत, पाणी निवळ, रात्री अंगावर चादर घ्यावी इतका गारवा. पण तेव्हा बहुधा मार्गशीर्ष असतो. ज्या घरांत मार्गशीर्षात मासे-मटण वर्ज्य असतं आणि बायकांचे गुरुवार असतात, त्यांनी मालवणला जाऊन नुसता वास घेत बसण्यात काय हशील? अशांनी तूर घरात आणून पौष-माघात जावं, जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी.

त्यात एक मेख आहे. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. त्या दिवसांत लाखो माणसं येतात, मुंबईहून जादा गाड्या सुटतात आणि मालवणात खोली मिळत नाही. खोली ठरवताना मालकाला हा प्रश्न जरूर विचारा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्राही तशीच. गणपती आणि शिमगा हे चाकरमान्यांचे दिवस. त्या काळात कोकण रेल्वेत बसायला जागा मिळेल अशी आशाही करू नका.

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, आंबा असतो, म्हणून अनेक जण तेव्हा निघतात. त्यांना एवढंच सांगायचं की आपल्याकडचं चाळिशीपार गेलेलं कोरडं ऊन एक वेळ सोसतं, पण तिकडच्या चौतीस अंशांत घामाने अंग चिकट होतं आणि माणूस लवकर थकतो. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. मोसमाच्या अगदी टोकाला जाऊन ‘आता परत कधी येणार’ म्हणून खवळलेल्या पाण्यात बोट काढायला लावणं जिवावर बेतू शकतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.

कसं जावं

रस्त्याने चिखली, देऊळगावराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट उतरून कणकवली, असं जवळपास आठशे किलोमीटर होतं. एका दमात हे अंतर कापू पाहणाऱ्यांचा ड्रायव्हर पहाटे घाटात डुलक्या घेत असतो. गाडीनेच जायचं असेल तर जाताना आणि येताना साताऱ्याच्या आसपास एकेक रात्र ड्रायव्हरला नीट झोप द्या. त्याच्या खोलीचे पैसे आधीच हिशेबात धरा. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

माझा कौल रेल्वेला. अमडापूरहून खामगावमार्गे शेगाव दीडेक तासात येतं. शेगावला थांबून थेट कोकणात जाणारी नागपूर–मडगाव ही विशेष गाडी गेली काही वर्षं आठवड्यातून दोनदा धावते आहे: नागपूरहून बुधवारी आणि शनिवारी, मडगावहून परत गुरुवारी आणि रविवारी. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून तारीख पक्की करण्याआधी ती त्या महिन्यात आहे का हे स्टेशनवर किंवा रेल्वेच्या ॲपवर पाहाच. असेल तर शनिवारी संध्याकाळी शेगावला बसा, रविवारी दुपारनंतर कुडाळला उतरा, आणि गुरुवारी रात्री कुडाळहून परतीची गाडी धरा. रविवार ते गुरुवार अशा चार रात्री मिळतात आणि त्याही मधल्या वारांच्या, जेव्हा पुण्या-मुंबईचे लोक घरी परतलेले असतात. खोल्या स्वस्त आणि किनारा मोकळा. ही गाडी नसेल तर शेगावहून ठाणे किंवा दादर गाठून तिथून कोकणकन्या किंवा तुतारी पकडायची. सामान घेऊन गाडी बदलावी लागते, एवढाच त्रास.

तिकिटांबाबत दोन-तीन गोष्टी. नेहमीच्या गाड्यांचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणजे आठ जणांची दोन तिकिटं होणारच. ती चार-चारची करू नका. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं, दोघांचंच काढा. ज्येष्ठांसाठी राखीव खालच्या बर्थचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा लागू होतो. सहा जणांच्या तिकिटात आजोबांचं नाव घातलं की त्यांना वरचा बर्थ मिळून रात्रभर सगळ्यांची कसरत होते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती एसटीत मात्र मिळते: पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, पासष्टच्या पुढे निम्मं आणि बायकांनाही निम्मं. कुडाळ ते मालवण हे तीसेक किलोमीटर एसटीने गेलात तर फरक जाणवेल.

खोली विचारताना

फोनवर ‘सी फेसिंग आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. तो शेवटचा ठेवा. आधी विचारा: तळमजल्यावर किती खोल्या? गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना नको. कमोड आहे का? लाईट गेल्यावर पंखा चालतो का? किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? लेकरांसाठी जादा गादीचे किती? आपली गाडी रात्री उशिराची आहे आणि खोल्या सकाळी दहाला सोडायच्या, तर एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का, आणि तिचे किती? या शेवटच्या प्रश्नाला महत्त्व द्या. नाहीतर गुरुवारचा अख्खा दिवस आठ बॅगा राखत रस्त्यावर काढावा लागतो.

तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, ते सरकारी संकेतस्थळावरून आरक्षित करता येतं. बाकी बहुतेक ठिकाणं घरगुती आहेत. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या अरुंद पट्टीवर माड आणि घरं. शांतता हवी असेल तर देवबाग. बाजार, औषधाचं दुकान आणि दवाखाना हाताशी हवा असेल तर मालवण शहर. सोबत रक्तदाबाचं किंवा साखरेचं माणूस असेल तर मी शहरातच राहीन.

जेवण बहुतेक घरी आधी सांगावं लागतं. सकाळी न्याहारीच्या वेळी दुपारचं, दुपारी रात्रीचं. माशाचा भाव रोज बदलतो, तेव्हा सुरमई किंवा पापलेटचं ताट मागवण्याआधी आजचा दर विचारून घ्या. त्यात कमीपणा नाही, तिथलेही विचारतात. बांगडा स्वस्त आणि चवीला कुठेच कमी नाही. आपल्या पोटाला मात्र एवढ्या खोबऱ्याची सवय नसते. पहिल्या दिवशी वड्यांवर आणि कोंबडीच्या रश्श्यावर तुटून पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी किल्ल्याऐवजी खोलीत सापडतो. पहिल्या रात्री भात, सोलकढी आणि थोडा मासा, एवढंच ठेवा. घरून शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि गाडीतल्या दोन जेवणांपुरत्या दशम्या न्या. तिकडे भाकरी तांदळाची मिळते, ज्वारीची सहसा नाही, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी ज्वारीच्या भाकरीसाठी हळवं होणारच.

ऊन, पाणी आणि पंचांग

किनाऱ्यावरच्या सुट्टीची जी चित्रं जाहिरातींत आणि सिनेमांत दिसतात ती बहुतेक भूमध्य समुद्राकडची असतात. ग्रीस, इटली, स्पेन. पांढऱ्या भिंती, निळं पाणी, दुपारी उन्हात पहुडलेली माणसं. ती माणसं इंग्लंड-जर्मनीतून ऊन शोधत आलेली असतात. आपल्याला ऊन विकत घ्यायचं कारण नाही, ते अमडापुरात भरपूर आहे. आपण जातो पाण्यासाठी. त्यामुळे त्यांचं वेळापत्रक उचलू नका. अकरा ते साडेतीन सावलीत राहा, झोपा, पत्ते खेळा. वाळूवरून आणि पाण्यावरून उलटून येणारं ऊन टोपीखालूनही भाजतं.

दुसरा फरक अधिक मोठा आहे. भूमध्य समुद्र जवळपास बंदिस्त, तिथे भरती-ओहोटीत बहुतेक ठिकाणी जेमतेम फूटभराचा फरक पडतो. आपल्या मालवणला उधाणाच्या दिवशी पाणी माणसाच्या उंचीएवढं चढतं-उतरतं. त्यामुळे त्यांच्याकडे ‘केव्हा पोहायचं?’ हा प्रश्न भुकेवर ठरतो, आपल्याकडे तिथीवर.

कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. हे गणित मुंबईच्या पाण्याला जवळचं. मालवणकडे भरती तासाभराने आधी येते असं धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी आणि पाणी त्या मानाने सौम्य.

याचा उपयोग असा. अष्टमी ते एकादशी या दिवसांत मालवणला पाणी दुपारनंतर चढत जातं आणि संध्याकाळी भरती पूर्ण होते. चार वाजता, ऊन उतरल्यावर तुम्ही पाण्यात शिराल तेव्हा लाटा किनाऱ्याकडे ढकलणाऱ्या असतील. पौर्णिमेला याच्या उलट: दुपारी भरती होऊन गेलेली आणि चार वाजता पाणी झपाट्याने मागे सरत असतं. नेमकी तीच वेळ घात करते. म्हणून सहलीच्या चार दिवसांत अष्टमी येईल असा आठवडा निवडा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पाहा. ते १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच. एकादशीला माळकरी मंडळींचा उपवास येईल, तेवढं राजगिऱ्याचे लाडू सोबत ठेवा.

विहिरीत पोहलेल्या माणसाला समुद्राचा अंदाज येत नाही, हे आपल्याकडच्या तरुण पोरांना बजावून सांगावं लागतं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. किनाऱ्यावर दोन लाटांच्या मधल्या पट्ट्यात कधी कधी पाणी शांत दिसतं, लाटा फुटत नाहीत, आणि माणूस तिथेच शिरतो. तोच आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग लाटांसोबत काठाकडे या. पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाणी नको, हा नियम बापू असो की नातू, सगळ्यांना सारखा. एप्रिल २०१७ मध्ये मालवणलगतच्या वायरी भुतनाथ किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले अभियांत्रिकी महाविद्यालयातले आठ जण बुडाले. एकमेकांना वाचवायला धावणं हे अशा वेळी स्वाभाविक असतं आणि त्यातच संख्या वाढते. म्हणून पाण्यात गट असेल तेव्हा एक माणूस कोरडा, काठावर उभा, डोकी मोजत. ज्या किनाऱ्यावर स्थानिक माणूस नको म्हणतो तिथे नाही जायचं. वाद घालायचा नाही.

बायकांच्या कपड्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ओली साडी पायात गुंतते आणि लाटेत उभं राहता येत नाही. काकू-मावशींसाठी पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपॅन्ट आणि जरा लांब कुर्ता घ्या, ओढणी काठावर ठेवा. गावात कुणी काय म्हणेल याचा विचार तीनशे कोसांवर करायचं कारण नाही. सोन्याचे दागिने घरीच. खाऱ्या पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही.

चार दिवस कसे भरावेत, किंवा न भरावेत

रविवारी पोहोचाल तेव्हा काहीही ठरवू नका. चहा घ्या, किनाऱ्यावर जा, पाय भिजवा.

सोमवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. सकाळीच, कारण वारा कमी असतो आणि तटावर सावली फारशी नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते; जीवरक्षक जाकीट आजी-आजोबांनीसुद्धा घालायचं, आणि होडीत माणसं जास्त वाटली तर पुढची घ्यायची. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे पाण्यासाठी मैलोन्‌मैल टँकर पाहिलेल्या बुलढाण्याच्या माणसाला जेवढं कळतं तेवढं इतर कुणाला कळेल असं मला वाटत नाही. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहा. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. गाईड घ्या, घाई करणारा नको, बोलणारा घ्या.

मंगळवार मोकळा ठेवा. हे लोकांना सगळ्यात जड जातं. ‘एवढे पैसे खर्चून आलो अन् नुसतं बसायचं काऊन?’ असा सूर निघेल. निघू द्या. ज्यांना हौस आहे त्यांनी स्कूबा किंवा स्नॉर्केलिंग करावं. तारकर्लीला महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असलेल्यांनी स्कूबा करू नये आणि फॉर्मवर खोटं लिहू नये. बाकीच्यांनी सकाळी किनाऱ्यावर कुणी रापणीचं जाळं ओढताना दिसलं तर दोराला हात लावावा, कुणी नको म्हणत नाही. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघावा. आपल्या बाजार समितीत ज्यांनी सोयाबीनची बोली ऐकली आहे त्यांना तिथला वेग पाहून मजा वाटेल.

बुधवारी एक फेरी, गाडी करून. दक्षिणेला वेंगुर्ला-शिरोडा-रेडी किंवा उत्तरेला कुणकेश्वर-देवगड-विजयदुर्ग. दोन्ही नाही. गटात शिक्षक असतील तर दक्षिणेला जा: शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि तिथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी वर्षानुवर्षं शिकवलं. रेडीचा गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडलेला, आजींसाठी तो पुरेसा. किल्ल्यांचं वेड असलेली पोरं असतील तर विजयदुर्ग. गोव्याचा विषय इथे पुन्हा निघेल, कारण रेडीपासून हद्द हाकेच्या अंतरावर. गोवा वेगळ्या वर्षी.

आणि ज्यांच्या घरातली पोरं पुण्यात नोकरीला आहेत व ज्यांना खरोखर ग्रीस-स्पेनचा किनारा गाठायचा आहे, त्यांनाही मी हाच नकाशा देईन: आठ माणसं, एक गाव, मधले वार. फक्त शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रत्येकाचा वेगळा होतो आणि त्याला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो, हे बिशी सुरू करतानाच धरा. व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारी तिकिटं काढू नका. आठांपैकी एकाचा नाकारला गेला तर सगळी सहल अडते.

गुरुवारी सकाळी खरेदी उरका: कोकम, आगळ, काजू, मालवणी मसाला, खाजा. काजू घेताना एक खाऊन बघा आणि सीलबंद पुड्यांवरची तारीख वाचा. आगळाच्या बाटल्या कपड्यांच्या बॅगेत घालू नका, डाग जात नाहीत. दुपारी चारला मालवण सोडलं तर कुडाळच्या वाटेवर धामापूरचं सोळाव्या शतकातलं तळं लागतं. २०२० मध्ये त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळांत नोंद झाली. अर्धा तास तिथे काढा. शेततळ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाने ते बघायलाच हवं. रात्रीचं जेवण कुडाळला, गाडीच्या दोन तास आधी.

शुक्रवारी दुपारी परतीच्या गाडीत सगळे जागे असतील, तेव्हाच वही उघडा. राहिलेले पैसे परत करा, कुणाचे निघत असतील तर तिथेच घ्या. शेगावला उतरल्यावर प्रत्येकाला घरची घाई असते आणि मग तो हिशेब थेट पुढच्या दिवाळीला निघतो.